नोंद नसलेली डागडुजी

१

शनिवारची सकाळ ही आमची कॉमिक्सची वेळ. अभय हडपसरहून मोटारसायकलवर माझ्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर यायचा. माझी बायको अवनी चहा आणून ठेवायची आणि "पोरांनो, खेळणी आवरल्याशिवाय उठायचं नाही," एवढं टोचून आत निघून जायची. मग आम्ही टेबलावर पांढरं फडकं पसरून एकेक अंक बाहेर काढायचो. आम्ही दोघं एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. माझ्या स्वभावाला शोभेलसं काम मिळालं, असं अवनीचं म्हणणं.

ही २०११ सालातली गोष्ट. तेव्हा आमच्यासारख्या लोकांत अंकांना गुण लावून घेण्याचं वेड नवीन होतं. अमेरिकेतल्या एका कंपनीकडे जुना अंक पाठवायचा. ती माणसं पानन् पान तपासतात, दहापैकी गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून परत पाठवतात. डबीवर चिठ्ठी असते. गुण किती, आणि अंकाची कुणी डागडुजी केलेली आहे का, हे तिच्यावर छापलेलं असतं. फाटलेलं जोडलं, उडालेला रंग भरला, कडा कापून सरळ केल्या, तर तसं लिहायलाच हवं. डागडुजी केलेला अंक कितीही देखणा असला तरी आमच्या लेखी तो खोटा. फाटका चालतो.

त्या शनिवारी अभयने चहाला हात लावला नाही. पिशवीतून डबी काढून त्याने माझ्यापुढे सरकवली.

"आला की काय परत? अरे वा!" मी चिठ्ठी वाचली. साडेनऊच्या आसपास गुण. डागडुजी नाही. "लेका, आणि तू म्हणत होतास की रद्दीत घालायच्या लायकीचा आहे."

"होताच," तो म्हणाला.

मुखपृष्ठावर समुद्रातून वर येणारा एक पोलादी माणूस होता. मागे काळं आकाश आणि वर उजव्या कोपऱ्यात पिवळा चंद्र. अभयने त्या चंद्रावर बोट ठेवलं.

"हा कोपरा नव्हता, सलिल. लहानपणापासून हा अंक माझ्याकडे आहे. इथे चंद्र आहे हे मला आयुष्यात कधी माहीत नव्हतं."

२

माझा पहिला अंदाज साधा होता. कुठेतरी अदलाबदल झाली असणार. कुणाचा तरी चांगला अंक याच्या नावावर आला असेल आणि तो बिचारा आत्ता याचा फाटका अंक हातात धरून बसला असेल.

"तुझं नशीब," मी म्हणालो. "गप्प बस आणि घरी जा."

"ऐक ना. हा कोपरा चैतीने फाडला होता. ती चार वर्षांची असेल. अंक त्याच दिवशी घरात आला होता, मी अजून नीट पाहिलाही नव्हता. फळीवरून हा अंक ओढायला ट्रंकेवर चढली आणि खाली पडली, पत्र्याच्या कडेवर तोंडावर. ओठापासून हनुवटीपर्यंत उभं फाटलं. पप्पा तिला उचलून तसेच पळाले. टाके घालताना तिची मूठ उघडली, तेव्हा आत हा कोपरा होता, रक्तात भिजून लगदा झालेला."

चैती म्हणजे चैताली, अभयची धाकटी बहीण. लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायची. मी तिला कितीतरी वर्षं ओळखत होतो. गोड, हसरी, कुणाला दुखावणार नाही अशी मुलगी.

"पण तिच्या तोंडावर काही खूण राहिली नाही, हे बरं झालं," मी म्हणालो.

अभय अगदी हळू म्हणाला, "तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय?"

"खूण होती, सलिल. ओठ एका बाजूला वर ओढलेला होता. प, फ, ब नीट यायचे नाहीत तिला. अक्षर चुकलं की ती समोरच्यालाच झापायची. तुला तिने माझ्या घरी, सगळ्यांसमोर, 'पेठेतला पुतळा' म्हटलं होतं. डबी ऑफिसात आली त्या दिवशी मी घरी गेलो, तर तिचं तोंड असं झालेलं. नितळ. आणि घरात कुणालाच काही वेगळं वाटत नाही."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. चैतालीसारखी मुलगी मला पुतळा कशाला म्हणेल? तरीही तो शब्द ऐकल्यावर छातीत कुठेतरी झोंबलं, जुना अपमान आठवल्यावर झोंबतं तसं. अपमान नव्हता आणि झोंबणं मात्र होतं.

मी अभयला विचारलं, झोप नीट होते का, कामाचा ताण आहे का. त्याने डबी माझ्यापुढे आणखी सरकवली.

"फोड," तो म्हणाला.

३

डबी फोडली की गुण बाद होतात. पुन्हा पाठवा, पुन्हा तपासा. शहाणा माणूस डबी फोडत नाही. पण अंक तोच आहे का, हे पाहायचं तर दुसरा इलाज नव्हता. पेचकस घालून मी कडा उचकटली आणि अंक बाहेर घेतला.

अंक तोच होता. छापखान्यातच त्याची खालची पिन तिरकी मारली गेली होती, तिचं एक टोक पानाच्या घडीबाहेर आलेलं होतं. अभयने मला ही पिन पूर्वी दाखवली होती आणि ती मला पक्की आठवत होती. म्हणजे अदलाबदल नाही. म्हणजे कुणीतरी कोपरा नव्याने लावून वर चंद्र रंगवला होता आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं. मला जरा बरंच वाटलं. चूक सापडली की मला बरं वाटतं.

नोटा तपासायला बँकेत असतो तसला जांभळ्या उजेडाचा दिवा माझ्याकडे आहे. भर सकाळ होती, म्हणून मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि दिवा लावला. जुना कागद त्या उजेडात मळकट, तपकिरी दिसतो. नंतर लावलेला कागद किंवा रंग उठून दिसतो.

कोपरा निळापांढरा पेटला.

"ही बघ, डागडुजी," मी म्हणालो आणि जोड शोधायला भिंग घेतलं. फाटलेल्या कागदाचे तंतू कितीही सफाईने जुळवले तरी शिवण दिसतेच. इथे शिवण नव्हती. जुने तंतू वाढत वाढत जाऊन नवे झाले होते. मी कोपरा चिमटीत धरला आणि लगेच सोडला.

"काय झालं?" अभयने विचारलं.

"काही नाही."

तो कागदासारखा लागला नव्हता. मऊ होता, जरासा कोमट, कानाच्या पाळीसारखा. बोटं फडक्याला पुसत मी स्वतःला समजावलं की दिव्याची धग लागली असेल. तो दिवा तापत नाही, हे मला ठाऊक होतं.

४

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अभयच्या घरी जेवायला गेलो. त्याच्या घरचं सुकं मटण आणि भाकरी मी वर्षानुवर्षं खात आलो आहे. माझ्या आईवडिलांना हे ठाऊक नाही असं आम्ही तिघंही मानतो.

हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली अभयचे वडील सुखदेवकाका पेपर वाचत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. कांताबाईकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आला का सलिल? बस, बस. गोड बातमी हाय आज."

बातमी अशी की चैतालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा वैजनाथ, बँकेत नोकरीला, मुंढव्याला स्वतःचा फ्लॅट. चैताली ताटं मांडत होती. माझ्याकडे बघून हसली. सुंदर हसली. ओठाला, हनुवटीला कुठे रेघ नाही.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"थँक यू, सलिलदादा."

अभय मला गॅलरीत घेऊन गेला. खाली सोलापूर रस्त्यावरची वाहनं एकमेकांवर खेकसत होती, तरी तो कुजबुजत होता.

"हाच वैजनाथ मागे एकदा बघायला आला होता. त्याची आई म्हणाली, मुलगी शिकलेली आहे, पण तोंडाचं काय? चैतीने चहाचा ट्रे तसाच उचलला आणि म्हणाली, 'तोंड माझं आहे आणि चहाही माझाच आहे. उठा.' महिनाभर आम्ही त्यावर हसत होतो. आणि आता त्याच माणसाशी..."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणते, 'दादा, चांगली माणसं आहेत रे.' चैती कुणाला चांगलं म्हणत नसे."

जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, चैताली लहानपणी पडली होती म्हणे? तोंडावर?"

"कोण म्हणतं? हिला साधं खरचटलं पण नाही कधी," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून अशीच हाय ती, आरशासारखी."

सुखदेवकाकांचा घास हातातच राहिला. "त्या दिवशी मी तिला उचलून..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांचे दोन्ही हात छातीपाशी आले होते, कोपरात दुमडलेले, एखादं लहान मूल धरावं तसे. त्यांनी त्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काय हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. काहीतरी सांगत होतो मी." त्यांनी हात खाली घेतले. "गेलं डोक्यातून."

चैतालीने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "होतं असं, पप्पा," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

५

चार-सहा दिवसांनी चैताली स्वतःच माझ्याकडे आली. भर दुपारी, कॉलेजहून परस्पर, स्वारगेटला उतरून चालत. अवनी कामावर गेली होती. मी घरूनच काम करत होतो.

"सलिलदादा, दादाला समजवा ना," ती म्हणाली. "तो माझ्याकडे बघत बसतो आणि रडतो. मम्मी घाबरलीय. कसल्या दिव्याचं सारखं बोलत असतो. तुमच्याकडे आहे ना तो?"

"आहे. पण तो कागद तपासायचा दिवा आहे."

"मग माझ्यावर धरा. आणि त्याला सांगा की काही नाही. तुमचं तो ऐकेल."

मला ते सोयीचं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. काही दिसणार नाही, मी अभयला तसं सांगेन, तो एखाद्या डॉक्टरकडे जाईल आणि हे प्रकरण मिटेल. मी खिडक्या लावल्या. ती खुर्चीत ताठ बसली, पासपोर्टच्या फोटोला बसतात तशी. मी दिवा लावला.

त्या उजेडात दात आणि पांढरे कपडे चमकतात, कातडी काळपट दिसते, हे मला माहीत होतं. मी ओठापासून हनुवटीपर्यंत उभी रेघ शोधत होतो.

रेघ नव्हतीच. सगळंच पेटलेलं होतं. ओठ, गाल, कपाळ, गळा, मांडीवर ठेवलेले हात. तोच निळापांढरा रंग, कुठेही जोड नाही. मी दिवा जवळ नेला. तिच्या चेहऱ्यावर काळपट, मूळचं असं एवढंसंच उरलं होतं, डाव्या डोळ्याभोवती, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं.

चेहरा हसत होता. उजवा डोळाही हसत होता. डावा डोळा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, रुंद उघडा, थरथरत. बंद खोलीच्या फटीला डोळा लावून आतलं माणूस बाहेर बघतं, तसा.

"काय दिसलं?" तिने गोड आवाजात विचारलं.

मी दिवा विझवला. खिडकी उघडताना कडी हाताला सापडेना.

"काही नाही," मी म्हणालो.

"मी सांगत होते ना," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. साध्या उजेडात तिचे दोन्ही डोळे सारखेच दिसत होते.

६

अभय माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर पुष्कळदा वाटलं, पण त्या डोळ्याने माझ्याकडे तसं पाहिल्यावर खोटं बोलणं मला जमलं नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अजून आहे ती."

अंक माझ्या टेबलावरच होता. मी काही म्हणायच्या आत त्याने कोपरा धरला आणि फाडला. आवाज कागदाचा नव्हता. ओला, जाड आवाज होता. मी मागे सरकलो. त्याच क्षणी अभयचा फोन वाजला. चैतालीचा नंबर. त्याने स्पीकर लावला.

आधी नुसता श्वास. मग एक आवाज आला, जो मी कधीच ऐकला नव्हता आणि तरी ओळखला. घोगरा, चिडका, एका बाजूने गळणारा.

"दादा... आणखी हाड."

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

अभयचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. "फाड म्हणतेय. तिला फ येत नाही रे. तिला फ येत नाही!" तो फोनवर ओरडला, "चैते, थांब, मी आहे, थांब!" आणि दोन्ही हातांनी पान फाडायला लागला. पान फाटत होतं, पण त्याच्या बोटांमागून मिटतही होतं, पाण्यात काठी ओढल्यावर पाणी मिटतं तसं. वर कोपऱ्यात चंद्र पुन्हा उगवला. अभयने मूठ उघडली. मुठीत काही नव्हतं.

"हॅलो? दादा?" फोनमधून स्वच्छ, गोड आवाज आला. "अरे, बॅगेत बटण दाबलं गेलं वाटतं. जेवलास का?"

त्यानंतर त्याने अंक घरी नेला आणि चैताली कॉलेजात असताना पुन्हा प्रयत्न केले. किती वेळा, ते मी विचारलं नाही. प्रत्येक वेळी फोन यायचा, पण बोलणं कमी व्हायचं. आधी दोन शब्द, मग नुसतं "दादा", मग नुसता श्वास. आणि दर वेळी अंक आणखी नवा व्हायचा. पिन सरळ झाली. पानांना ताज्या शाईचा वास यायला लागला. एकदा त्याने तो गॅसवर धरला. अंकाला काही झालं नाही, पण फोनवर जे ऐकू आलं ते त्याने मला सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्याने अंकाला हात लावला नाही.

"फाडलं की ती येते," तो मला म्हणाला. "आणि जाताना आधीपेक्षा जास्त जाते. मी काहीच नाही केलं तर जेवढी आहे तेवढी तरी राहील ना?"

चुका शोधणं माझं काम आहे. त्या दुरुस्त करणं दुसऱ्यांचं.

७

लग्न हडपसरच्या एका हॉलमध्ये झालं, रविवारी सकाळी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मोगऱ्याचा वास, समोर बुद्धाची मूर्ती आणि मेणबत्त्या. वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर चैतालीचे ओठही हलत होते, एकेक अक्षर स्पष्ट. काकू कौतुकाने रडत होत्या. सुखदेवकाका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला नमस्कार करत होते.

"किती शोभतात दोघं," अवनी म्हणाली.

वैजनाथ शोभत होता खरा. वाईट माणूस नव्हता तो. फोटो काढताना त्याने चैतालीच्या पदराची घडी हलकेच नीट केली.

अभय पहिल्या रांगेत उभा होता. दाढी केलेली, कडक इस्त्रीचा झब्बा. तो बरा दिसत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला दिसतंय?"

मला दिसत होतं. चैताली प्रत्येकाशी हसून बोलत होती आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. एकाच डोळ्यातून. गालावरून ओघळून हनुवटीवरून खाली पडत होतं. पांढऱ्या साडीवर तेवढाच ओला डाग. ती मधूनमधून बोटाने गाल पुसायची आणि ओल्या बोटाकडे नवलाने बघायची.

आम्ही आहेराच्या रांगेतून वर गेलो. "दादा, डोळ्यात काहीतरी गेलंय बहुतेक," ती म्हणाली. "बघ ना."

अभयने रुमाल काढला. पुसायच्या निमित्ताने त्याने तो उलगडून तिच्या चेहऱ्यावर धरला. कपाळ झाकलं, हसणारे ओठ झाकले, दुसरा डोळा झाकला. डावा डोळा तेवढा उघडा ठेवला. मागे रांग थांबली होती. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा बाजूला होता का?" अभय हलला नाही. तो वाकला आणि फक्त त्या डोळ्याशी बोलला.

"चैते. मी आहे."

डोळ्याने त्याला ओळखलं. मी तिथे हातभर अंतरावर उभा होतो, मी पाहिलं. तो डोळा त्याच्यावर स्थिर झाला, भरून आला, आणि त्यात असं काही होतं की माझी मान खाली गेली.

मी पुन्हा वर पाहिलं, तेव्हा पाणी थांबलं होतं. आणि अभयच्या बोटांच्या मधून दिसणारा तो एकटा डोळा, कडेकडेने, सावकाश, हसायला लागला होता.